यादीतलं पहिलं नाव

आमच्या घरात काहीही नवीन आलं की त्यावर पहिलं नाव वडिलांचं लागायचं. गॅसचं पुस्तक, केबलचं कनेक्शन, घरातला पहिला मोबाइल, माझ्या लग्नात आलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड, सगळं त्यांच्या नावानं. माझ्या पहिल्या स्कूटरच्या कागदांवरसुद्धा त्यांचंच नाव होतं, आणि त्यांना धड सायकलही चालवता येत नव्हती. हा आईचा नियम. यामागे काही शास्त्र आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. "शास्त्र कसलं? घरातला मोठा माणूस आधी," एवढंच म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

वडील गेले त्याला आता चार वर्षं होतील. नियम मात्र गेला नाही.

मी पालघरला राहतो आणि कॉम्प्युटरचे क्लास घेतो. त्याआधी तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढायचो. वेबसाइट बनवायला पंचेचाळिशीनंतर शिकलो, इंटरनेटवरच्या पोरांच्या व्हिडिओंवरून. बायको म्हणते, "तुमचा प्रोग्राम अगदी तुमच्यावर गेलाय. काही समजलं नाही तरी मान डोलावतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आई त्या पट्ट्याला लागून असलेल्या बोईसरलाच राहते, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. वडील तिथूनच पस्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. सकाळी सातला आत, दुपारी तीनला बाहेर, तीन वीसची बस, तीन चाळीसला घर. आल्या आल्या आंघोळ, कारण अंगाला रंग लागलेला असायचा. त्यांचे टॉवेल कधी गुलाबी तर कधी पिवळे व्हायचे, आणि कारखान्यात कुठला माल चालू आहे ते आम्हाला दोरीवर बघून कळायचं. ते गेल्यावर मी आईला कितीदा म्हटलं, पालघरला चल. "इथून बस जवळ पडते," म्हणायची. कुठली बस आणि कुणाला, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

बोईसरमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही, बाहेरच्यांना सांगतो. इथे अधूनमधून आवाज होतो. कुठल्या तरी प्लॉटवर काही तरी फुटतं, खिडक्यांच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी किणकिणतात, आणि सगळं गाव एकच प्रश्न विचारतं, "कुठल्या प्लॉटला?" मग ज्याच्या त्याच्या घरून फोन सुरू होतात. ते लागत नाहीत, कारण केमिकलच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. ते गेटवरच्या खणात एका रांगेत वाजत पडलेले असतात. घरची बाई इकडे घामाघूम, आणि माणूस तिकडे बसमध्ये बसून शेंगा खात असतो.

म्हणून पाळीची बस चालवणाऱ्या मंडळानं मला सांगितलं, असं काही तरी करा की माणूस बसमध्ये बसला की घरी कळेल. बोईसरच्या चार-पाच इमारती आणि कुंभवली, पाम ही जवळची गावं, एवढ्यांची मिळून ती बस. दसऱ्याच्या आसपास मी ते बनवलं. माणसानं गेटबाहेर येऊन मोबाइलवर आमचं पान उघडायचं, 'बसलो' असं बटण दाबायचं. घरी मेसेज जाणार. मेसेजात माणसाचं नाव घालायचा माझा विचार होता, पण एकगठ्ठा मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि माझा फॉर्म दोनदा परत आला. चूक माझीच होती. तिसऱ्यांदा कंटाळून मी नावच काढून टाकलं. उरलं ते असं: 'आपल्या घरचा माणूस गेटबाहेर येऊन बसमध्ये बसला आहे.' सगळ्यांना तेच.

पहिल्या दिवशी आईच्या समोर बसूनच मी यादी भरायला घेतली.

"पहिलं नाव कुणाचं घातलंस?" आईनं विचारलं.

"अजून कुणाचंच नाही."

"मग त्यांचं घाल."

"आई, ही बसची यादी आहे."

"मग? ते काय चालत जायचे?"

मी टंकायला लागलो. नोंद क्रमांक एक: वडिलांचं नाव, प्लॉट, पाळी पहिली, थांबा, घरचा फोन. फोन म्हणजे त्यांचाच जुना बटणांचा मोबाइल, जो आता आईजवळ असतो. माणूस हयात आहे की नाही असा रकाना मी ठेवला नव्हता. बसच्या यादीत तो लागेल असं कुणाला वाटेल?

संक्रांतीपर्यंत सगळं नीट चाललं. मग तक्रारी आल्या. तीनच्या भोंग्याला सगळे एकदम बटण दाबायचे आणि पान अडकून बसायचं. म्हणून मी कामाचे दोन भाग केले. सरकारी कचेरीत असतं ना, समोर खिडकीवरचा कारकून तुमचा अर्ज घेतो, तुमचं तोंड बघतो, 'झालं, जा' म्हणतो. आणि खरं काम मागच्या खोलीत बसलेला माणूस नंतर सावकाश करतो. तसंच. खिडकीवरचा तुम्हाला ओळखतो. मागच्या खोलीतला तुम्हाला कधीच बघत नाही. त्याच्याकडे फक्त चिठ्ठी येते.

आता त्या चिठ्ठीवर काय लिहायचं, इथे मी माती खाल्ली. माणसाचा नोंद क्रमांक लिहायला हवा होता. मी लिहिलं, 'अमुक खुर्चीवर जो बसलाय तो.' म्हणजे त्या वेळी त्या फोनवर ज्याचं खातं उघडं असेल, तो. खातं उघडं असेल तोवर ठीक. पण चिठ्ठी मागच्या खोलीत पोचेपर्यंत माणूस उठून गेला असेल, खातं बंद करून, तर? तर मागच्या खोलीतल्याला खुर्ची रिकामी दिसणार. मी घरी करून बघितलं तेव्हा रिकामी खुर्ची दिसली की ते बिचारं काम सोडून ठप्प व्हायचं. ठप्प होऊ नये म्हणून मी एक ओळ घातली: कोणीच नसेल तर यादीतलं पहिलं नाव घे.

मान डोलावणारा प्रोग्राम म्हणतात तो हा.

मी आईकडे रविवारी सकाळी जातो आणि जेवून दोनच्या आत निघतो. त्या आठवड्यात एका शाळेचं काम होतं म्हणून बुधवारी दुपारी बोईसरला आलो आणि न सांगता तिच्याकडे गेलो. एप्रिलचं ऊन. दार उघडंच होतं. वडिलांची खुर्ची नेहमी भिंतीला लावलेली असते, ती दाराकडे तोंड करून ठेवलेली. मोरीतून नळाचा आवाज येत होता. आई बादली भरत होती.

"दुपारची आंघोळ?" मी विचारलं.

ती दचकली. "तू आज कसा?"

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. मेसेजचा आवाज, तोच जुना, दोन टिचक्यांचा. आईनं फोन उचललाही नाही. नळ बंद केला, हात पुसले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. ओट्यावर दोन कप उपडे होते, ते तिनं सरळ केले. मला वाटलं, एक माझा.

मी सहज फोन बघितला. 'आपल्या घरचा माणूस गेटबाहेर येऊन बसमध्ये बसला आहे.' तीन वाजून बावीस मिनिटं.

त्याच्या खाली कालचा. त्याच्या खाली परवाचा. मी बटण दाबत खाली खाली गेलो. फोन जुना, पडदा छोटा, एकेक मेसेज उघडायला वेळ लागत होता आणि प्रत्येकात तेच वाक्य.

"हे कधीपासून येतंय?"

"रोज येतं की. शुक्रवार सोडून," आई आतून म्हणाली. "शुक्रवारी त्यांची सुट्टी."

आवाज इतका साधा होता, की मी 'हो' म्हणालो.

ती चहा घेऊन आली. एक कप तिच्यासमोर, एक खुर्चीच्या हातावर. मग माझ्याकडे बघून जीभ चावली आणि आत जाऊन माझ्यासाठी तिसरा घेऊन आली.  तीन चाळीसला जिन्यात चपला वाजल्या. खालून वर, सावकाश, मध्ये एकदा थांबून. वडील जिन्याच्या वळणावर असेच दम खायचे. आमच्या दाराशी येऊन आवाज थांबला. मी उघड्या दाराकडे बघत होतो. तिथे ऊन होतं, दुसरं काही नाही.

आईनं मान वर केली नाही. "आले," म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

वरच्या मजल्यावरचं कुणी तरी असेल, असं मी मनाशी म्हटलं. वरच्या मजल्यावर गेल्या पावसाळ्यापासून कुणी राहत नाही, हे मला पालघरला पोचताना उमरोळीच्या पुढे आठवलं आणि मी स्कूटर बाजूला घेऊन जरा वेळ उभा राहिलो.

घरी आल्या आल्या कपडे न बदलता कॉम्प्युटर लावला. मागच्या खोलीतला माणूस प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, कुणासाठी केलं, किती वाजता. शोधलं. नोंद क्रमांक एक. नोंद क्रमांक एक. जानेवारीच्या शेवटापासून, शुक्रवार वगळता रोज. आणि यादीत वडिलांच्या नावापुढे 'शेवटचा प्रवास' असा जो रकाना आहे, त्यात आजची तारीख.

स्वतः बनवलेलं यंत्र. त्याची एकेक ओळ मी टंकलेली. तरी त्या रकान्याकडे बघताना मानेवर कुणी फुंकर घातल्यासारखं झालं. मी उठून पंख्याचा वेग कमी केला. बायको भाजी निवडत होती, तिला सगळं सांगितलं. खुर्ची, चिठ्ठी, ती ओळ.

ती म्हणाली, "म्हणजे भूतबीत काही नाही."

"नाही. माझी चूक आहे."

"मग भूत आहेच की, तुमच्या चुकीचं," ती म्हणाली. मग गंभीर झाली. "पण अहो, मेसेज जातोय म्हणजे कुणी तरी रोज बटण दाबतंय. कोण?"

ते यंत्राला माहीत नव्हतं. खातं बंद झालं की खुर्चीची नोंदही पुसली जायची. राहत होतं फक्त एकच नाव, यादीतलं पहिलं.

"आणि त्याच्या घरी?" बायकोनं विचारलं. "त्याच्या घरी रोज मेसेज येत नसेल ना?"

दुरुस्ती दोन ओळींची होती. चिठ्ठीवर खुर्चीऐवजी नोंद क्रमांक लिहायचा आणि ती 'पहिलं नाव घे'वाली ओळ खोडायची. चहा व्हायच्या आत झालं असतं. मी केलं नाही. कारण ती ओळ खोडली की उद्यापासून तीन बावीसला आईचा फोन वाजणार नव्हता. बादली भरायला, खुर्ची फिरवायला, आधण ठेवायला तिला काही कारण उरणार नव्हतं. वडील एकदा गेले ते दवाखान्यातून. आता मी त्यांना दुसऱ्यांदा घालवणार होतो, कीबोर्डवरून. तेही आईला विचारल्याशिवाय.

आठ दिवस गेले. मधल्या रविवारी क्लासचं कारण सांगून आईकडे गेलो नाही. मी रोज ती फाइल उघडायचो, ओळीवर जायचो आणि बंद करायचो. दुपारी तीन बावीसला क्लासमध्ये मुलांना शिकवताना माझं लक्ष घड्याळाकडे. आत्ता वाजला असेल. आत्ता ती उठली असेल. एकदा फळ्यावर उदाहरण म्हणून मी 'नोंद क्र. १' असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते विसरलो. बायको रोज संध्याकाळी एकच शब्द विचारायची, "केलं?" पुढच्या बुधवारी तिनं तेही विचारलं नाही. गुरुवारी मी आईला सांगायचं ठरवून बोईसरला गेलो.

पावणेतीनला पोचलो. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. मी शब्द जुळवत बसलो. "आई, तो मेसेज येतो ना..."

"येईल आता. अजून वेळ आहे."

"तसं नाही. तो मेसेज..."

आणि आवाज झाला.

आधी पायाखाली. मग काचा. मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या, मोरीतल्या भरलेल्या बादलीवर गोल गोल लाटा आल्या. खालून कुणी तरी ओरडलं, "कुठल्या प्लॉटला?" गॅलरीतून बघितलं, कारखान्यांच्या बाजूला पिवळट धुराचा एक खांब उभा राहत होता. प्रत्येक गॅलरीत बाई, प्रत्येकीच्या कानाला फोन. आणि मग एकेक फोन टिंग टिंग वाजायला लागले. माणसं बाहेर पडत होती, बटणं दाबत होती. समोरच्या इमारतीत एकजण ओरडली, "बसला, बसला!" आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. मी बनवलेलं यंत्र पहिल्यांदाच खऱ्या कामाला येत होतं आणि मी गॅलरीचा कठडा धरून उभा होतो.

आमचा फोन वाजला. दोन टिचक्या.

आईनं या वेळी तो उचलला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाहेर आहेत ते. आज लवकर सोडलं." आणि आधण ठेवायला आत गेली.

मला त्या वेळी वडील आठवले नाहीत. दुसरंच कुणी तरी डोळ्यांपुढे आलं, जिचा फोन या घटकेला वाजला नव्हता.

स्कूटर काढली आणि बस सुटते त्या कोपऱ्यावर गेलो. हवेत आंबूस वास होता, डोळे चुरचुरत होते. गेटवर गर्दी, पोलीस लोकांना मागे रेटत होते. तिथला वॉचमन म्हणजे जवळच्या गावातला एक म्हातारा, माझ्या ओळखीचा. ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांच्यासाठी मंडळानं एक टॅब त्याच्याकडे ठेवला होता.

"काका, टॅबवर कोण कोण बटण दाबतं?"

"पैल्या पालीला एकच हाय. बाकीच्यांकडं फोन हायत. त्याचा फोन घरी बायकोजवल असतो."

"आज दाबलं त्यानं?"

"आं? दाबला की! आमी त्याचा नाव उघडून देतो, तो दाबतो, आमी लगेच बंद करतो. दुसऱ्याचा नाव उघडा ठेवायचा नाय, तुमीच सांगलेला."

मीच सांगितलं होतं. इतक्या माणसांत एकट्या त्या म्हाताऱ्यानं माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं.

"कुठे राहतो तो?"

"कुंभवलीला. ती बगा ना त्याची बायको, मगासधरनं उभी हाय. आमी सांगतो बाय, तो गेला बसनं, त ऐकतच नाय."

कुंपणाला टेकून एक पंचविशीतली बाई उभी होती. पदर नाकाला लावलेला, पायात चप्पल नव्हती, मुठीत फोन. ती धुराकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

"वहिनी, तुमचे मिस्टर बसमध्ये बसलेत," मी म्हटलं. "ठीक आहेत."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

हे किती विचित्र ऐकू आलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुमच्या आईला काय ठावं?" ती म्हणाली. "आन् मग मला का मेसेज नाय? आदी यायचा. संक्रांतीपास्नं बंदच झाला. हे म्हनतात मी दाबतो, वॉचमनकाका म्हनतात दाबतो. समद्या जनी घरात बसून राहतात, मी रोज रस्त्यावर येऊन उभी राहते, बस दिसंपर्यंत. रोज, भाऊ." मग एकदम आवाज चढवून, "कुनी बनवलंय हे येड्यावानी?"

"मी," मी म्हटलं.

तिला स्कूटरवर बसवून कुंभवलीला सोडलं. तिचा नवरा कुलूप लावलेल्या दारासमोर पायरीवर बसला होता, तोंडाला रुमाल बांधून, आणि चिडलेला होता. "किल्ली घेऊन कुटं फिरती?" तिनं त्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, हातांवरून हात फिरवून बघितला, जसं बाजारातून आणलेलं मडकं कुठे तडकलं नाही ना हे बघतात. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर गुलाबी डाग होता.

त्या दिवशी कुणी दगावलं नाही, हे संध्याकाळी कळलं.

मी परत आईकडे गेलो. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. आता शब्द जुळवत बसलो नाही. सगळं सांगितलं. खिडकीवरचा कारकून, मागची खोली, चिठ्ठी, रिकामी खुर्ची. यादीतलं पहिलं नाव. कुंभवलीची बाई अनवाणी उभी होती ते.

आई ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली, "म्हणजे तिचा नवरा माझ्याकडे येत होता?"

"नवरा नाही, आई. मेसेज."

"तेच." मग म्हणाली, "आणि तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी परीक्षेतला कागद दप्तरात लपवला होता, तेव्हा असंच बघितलं होतं. "पोर उन्हात उभी राहिली आठ दिवस, आणि तू माझ्यासाठी थांबलास? मी मागितलं होतं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आत्ता करून टाक. इथंच बस आणि कर. त्यांचं नाव मात्र काढायचं नाही. पहिलं नाव त्यांचंच."

मी तिच्या खाटेवर लॅपटॉप उघडला आणि दोन ओळी बदलल्या. आता कोणी सापडलं नाही तर यंत्र कुणाचंच नाव घेत नाही. काम थांबवतं आणि मला कळवतं. तेवढ्याला चहा होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कारखाने बंदच होते. त्याच्या पुढच्या दिवशी बस सुरू झाली. मी क्लासला सुट्टी दिली आणि तीनच्या आधीच आईकडे जाऊन बसलो. तो फोन न वाजता जाणारी पहिली दुपार तिनं एकटीनं काढू नये, असं वाटत होतं.

खुर्ची दाराकडेच होती. तीन वीस. बावीस. पंचवीस. फोन खाटेवर पालथा पडला होता. माझ्या मोबाइलवर मी नोंद उघडून बघितली: कुंभवलीचा मेसेज कुंभवलीला गेला होता. मी आईला तसं सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली, उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

बादली भरली. आधण ठेवलं. मग ओट्याजवळच्या भिंतीवरची दिनदर्शिका पुढे ओढून, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल घेतली आणि आजच्या चौकटीत एक बारीक खूण केली. ही दिनदर्शिका मी इतक्या वेळा बघितली होती; दुधाच्या, पेपरच्या खुणा असतील असं समजायचो.

"आई, आज मेसेज आला नाही."

"मेसेज तुझ्या मशीनचा. खूण माझी."

"मग ही कसली खूण?"

"आल्याची," ती म्हणाली आणि साखरेचा डबा शोधायला लागली.

मी उठून दिनदर्शिकेजवळ गेलो. एप्रिलभर खुणा, शुक्रवार कोरे. मार्चमध्ये तसंच. फेब्रुवारीत तसंच. मागची खोली मी जानेवारीच्या शेवटी सुरू केली होती, तिची पहिली नोंद मला तोंडपाठ आहे. मी जानेवारीचं पान उलटलं. एक तारखेपासून, शुक्रवार सोडून, प्रत्येक चौकटीत तीच बारीक खूण होती. आईला जुन्या दिनदर्शिका टाकवत नाहीत; त्याच खिळ्याला खाली मागच्या वर्षीची होती, आणि तिच्याखाली त्याच्या आधीची. मी त्यांना हात लावला नाही.

जिन्यात चपला वाजल्या. वळणावर थांबल्या.

आईनं चहा ओतला. एक कप खुर्चीच्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला. मी सवयीनं खुर्चीजवळच्या कपाकडे हात नेला.

"तो नको," ती म्हणाली. "तुझा ओट्यावर आहे."